भाड्याच्या मोटारहोममधून हिवाळ्यातला मराठवाडा

या गाडीतली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी पलंग, ओटा, फ्रीज किंवा छतावरची काचेची खिडकी यांपैकी कशाचेही नाव न घेता मागच्या कोपऱ्यातल्या जेमतेम तीन फूट रुंदीच्या संडासाकडे बोट दाखवीन. लातूरहून औसा, नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, बीड, पैठण, छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा आणि परतीला जालना, परभणी, नांदेड असा फेरा आम्ही पतीपत्नींनी डिसेंबरच्या उत्तरार्धात भाड्याच्या मोटारहोममधून केला. या रस्त्यांवर आयुष्यभर एसटीने आणि कारने फिरलेल्या कोणत्याही बाईला माझे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही. ढाब्यावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते, किल्ली गल्ल्यावर असते आणि किल्ली मिळालीच तर आत पाणी नसते. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी सकाळपासून घशाला कोरड पडली तरी पाणी न पिण्याची सवय आमच्या पिढीतल्या बायकांनी अंगी लावून घेतलेली आहे. ती सवय या प्रवासात मोडली आणि केवळ तेवढ्यासाठी मी या गाडीला निम्मे गुण देऊन टाकते. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागेल.

गाडी पुण्यातल्या एका भाडेसंस्थेची होती आणि संस्थेच्या माणसाने ती लातूरला घरपोच आणून दिली, त्याचे पैसे अर्थातच वेगळे घेतले. टेम्पो ट्रॅव्हलर धाटणीच्या डिझेल गाडीचा मागचा भाग रिकामा करून त्यात दोघांचा पलंग, घडीचे मेज, छोटा ओटा, फ्रीज आणि न्हाणी-संडास बसवलेले आहेत. लांबी वीस फुटांच्या आसपास आणि छतावरच्या एसी व सौरपट्ट्यांसह उंची साडेनऊ फूट. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांना असते तशी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची नंबरप्लेट हिला होती आणि चालवण्यासाठी हलक्या मोटार वाहनाचा नेहमीचा परवाना पुरला. भाडे दिवसाला साडेनऊ हजार रुपये अधिक जीएसटी, त्यात अडीचशे किलोमीटर धरलेले, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला जादा आकार, आणि पंचवीस हजारांची अनामत. यजमान आणि मी दोघेही आलटून पालटून चालवत असल्याने वेगळा चालक घेतला नाही.

ताबा देताना संस्थेच्या तरुणाने अर्ध्या तासात सगळी बटणे दाखवली. त्याने जे दाखवले ते नीट दाखवले. परंतु त्याची सगळी उदाहरणे महाबळेश्वर, कोकण आणि गोव्याची होती, आणि ही गाडी सजवताना ज्याने कोणी विचार केला त्याच्याही डोळ्यांसमोर तेच प्रदेश असावेत, हे पुढे पदोपदी जाणवत राहिले.

पहिली अडचण स्वयंपाकाची आली. सुरक्षिततेच्या कारणाने गाडीत गॅस ठेवलेला नाही, फक्त इंडक्शनची शेगडी आहे. चहा, भात, पिठले, खिचडी यांना ती पुरते, पण भाकरीचे काय करायचे? लोखंडी तवा इंडक्शनवर तापतो, पहिली बाजू भाजून निघते. दुसरी बाजू जाळावर धरल्याशिवाय भाकरी फुगत नाही आणि जाळ तर गाडीत नाहीच. मी घरून आणलेले ज्वारीचे पीठ शेवटी एका ढाब्यावरच्या मावशींच्या हवाली केले आणि त्यांनी त्याच्या भाकरी थापून दिल्या. मराठवाड्यात फिरण्यासाठी गाडी देणाऱ्याने हा विचार केलेला नाही, हे मी दोष म्हणूनच नोंदवते.

शेगडीमागचे विजेचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. गाडीत १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे घरच्या मीटरच्या हिशेबाने साधारण अडीच युनिट वीज. दीड हजार वॅटची शेगडी दोन वेळच्या स्वयंपाकाला मिळून तासभर चालली तरी त्यातले दीड युनिट संपते, आणि फ्रीज दिवसभरात अर्धा युनिट खातो तो वेगळाच. छतावरच्या ३०० वॅटच्या सौरपट्ट्या हिवाळ्यातल्या कलत्या उन्हात चांगल्या दिवशीही एखाद्या युनिटाच्या पुढे जात नाहीत. गाडी चालू असताना इंजिनावरून बॅटरी भरली जाते, त्यामुळे रोज तीन-चार तास प्रवास होत असेल तर काही कमी पडत नाही. एकाच जागी दोन दिवस मुक्काम करायचा असेल तर मात्र बाहेरून वीज घ्यावी लागते. शेतातल्या मोटारीच्या डब्यावरून वायर जोडून पाहिली तेव्हा दाब इतका कमी होता की गाडीच्या चार्जरने स्वतःहूनच वीज घेणे बंद केले. पाणी गरम करण्याची टाकी तर बाहेरची वीज असल्याशिवाय चालतच नाही आणि तीही दहा लिटरची, त्यामुळे बहुतेक ठिकाणी अंघोळीचे पाणी ज्यांच्या दारात गाडी उभी होती त्यांच्या चुलीवर तापले.

पाण्याच्या साठ्याची तक्रार नाही. १२० लिटरची टाकी दोघांना दोन दिवस आरामात पुरली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर ज्या लातूर शहराने दिवस काढले, तिथल्या माणसाला १२० लिटरमध्ये संसार करायला कोणी शिकवायला नको. पेट्रोलपंपांवर डिझेल भरल्यावर टाकी भरू देण्यास कोणी नाही म्हटले नाही, मात्र ते पाणी आम्ही पिण्यासाठी वापरले नाही.

या फेऱ्यातला सर्वांत भरलेला मुक्काम औसा तालुक्यातल्या यजमानांच्या मामेभावाच्या शेतातला, येळवसेचा. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजेच येळवसेला, लातूर-धाराशिवकडची गावे ओस पडतात आणि सगळी माणसे शेतात जातात; कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, चुना लावलेले दगडाचे पांडव मांडून पूजा होते, हरभरा, वाटाणा, तूर, वाल अशा ओल्या दाण्यांची आंबट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदग्यातली, म्हणजे मातीच्या मडक्यातली, आंबील असा बेत असतो. मोटारहोमची खरी परीक्षा इथे झाली. पहिली गोष्ट, मुख्य रस्त्यापासून शेतापर्यंतच्या पाणंदीवर विजेच्या तारा लोंबलेल्या होत्या आणि साडेनऊ फुटांची गाडी त्यांच्याखालून नेताना यजमान खाली उतरून, पुढे चालत, मान वर करून हाताने खूण करत होते. जिथे शंका वाटली तिथून आम्ही गाडी मागे घेतली आणि लांबच्या वाटेने गेलो. दुसरी गोष्ट, काळ्या रानात दिवसभर खडखडीत दिसणारी कड पहाटेच्या दवाने ओली होते आणि मागची जड चाके तिच्यात बसू लागतात, म्हणून गाडी मुरमाच्या टापूवरच लावली. तिसरी गोष्ट माणसांची. दुपारच्या पंगतीनंतर आसपासच्या चार शेतांतली माणसे गाडी पाहायला आली, मुलांनी पलंगावर लोळून घेतले, आणि एका आजींनी संडासाचे दार उघडून, आत डोकावून, पुन्हा बंद करून विचारले, “आवो बाई, ज्येच्यात रांधायचं त्येच्यातच हे बी?” मी त्यांना बंद झाकण, खालची टाकी आणि छतावरचा पंखा दाखवला; त्यांचे समाधान झाले नाही. जाऊबाईंनी तर रात्री सरळच सांगितले, “वहिनी, एवढं रान असताना डब्यात कशाला झोपता, कोपीत अंथरते की.”

आम्ही डब्यातच झोपलो आणि थंडीचा खरा अंदाज त्या रात्री आला. गाडीच्या भिंतींना उष्णतारोधक अस्तर आहे असे संस्था सांगते. ते असेलही, पण काचा एकपदरी आहेत आणि हीटर नाही, कारण छतावरचा एसी केवळ थंड करणारा आहे. मराठवाड्याची थंडी दिवसा कळत नाही. दुपारी उन्हात स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे बोटे आखडतात. परभणीचे किमान तापमान थंडीच्या लाटेत एक आकडी झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि परभणीजवळच्या मुक्कामात पहाटे तीनच्या सुमारास त्या बातमीतली थंडी आम्ही पलंगावर बसून अनुभवली. संस्थेने दिलेली दोन पातळ ब्लँकेटे शोभेची आहेत. घरच्या दोन गोधड्या आणि एक सोलापुरी चादर नसती तर मी हे परीक्षण वेगळ्या भाषेत लिहिले असते. छताची झडप पूर्ण बंद करून झोपले की दोघांच्या श्वासाच्या वाफेचे पाणी काचांवरून ओघळून गादीची कड ओली होते. झडप दोन बोटे उघडी ठेवली की काचा कोरड्या राहतात पण नाकाला गारवा झोंबतो. आम्ही दुसरा पर्याय घेतला आणि कानटोप्या घालून झोपलो. गादी मात्र खरोखर चांगली आहे, यजमानांच्या कंबरेने एकदाही कुरकुर केली नाही.

आता पुन्हा त्या संडासाकडे वळणे भाग आहे, कारण त्याच्या सुखाची दुसरी बाजू संस्था सांगत नाही. त्याच्याखाली सुटकेससारखी ओढून काढता येणारी वीस लिटरची पेटी असते. तिच्यात निळे औषध घालतात आणि पेटी भरत आली की बाजूचा लाल दिवा लागतो. दोघांच्या वापरात तो साधारण तिसऱ्या दिवशी लागतो. पेटी रिकामी कुठे करायची, या प्रश्नावर ताबा देणाऱ्या तरुणाचे उत्तर “कुठेही करता येते” असे होते, आणि मला ते अजिबात मान्य नाही. ओढ्यात, रस्त्याकडेच्या चारीत किंवा कोणाच्या बांधाआड ती ओतणे म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकणे. पेट्रोलपंपावरच्या माणसांनी ती पेटी पाहूनच हात जोडले. आम्ही ती नातेवाइकांच्या घरच्या आणि एका लॉजच्या संडासात रिकामी केली, लॉजवाल्याला त्यासाठी एका खोलीचे अर्धे भाडे दिले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ते चांगलेच झाले. परंतु आमच्या संपूर्ण वाटेवर अशी गाडी लावून वीज, पाणी आणि ही पेटी रिकामी करण्याची सोय एकत्र मिळेल अशी एकही जागा आम्हाला दिसली नाही. भाडे देणाऱ्या संस्थेने निदान दुसरी रिकामी पेटी सोबत दिली तरी निम्मी चिंता मिटेल. आम्ही ती मागितली तेव्हा उत्तर मिळाले की आजवर कोणी मागितलीच नव्हती.

रस्त्यांबद्दल थोडक्यात सांगते. धुळे-सोलापूर आणि तुळजापूर-नांदेड हे महामार्ग या गाडीसाठी सुखाचे आहेत; ताशी साठ-सत्तरच्या वेगाने ती शांत चालते आणि लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते. टोलचा हिशेब मात्र कारच्या दराने करू नये, कारण या गाडीचा फास्टॅग मिनीबसच्या वर्गात मोडतो. जालन्याकडे येताना आम्ही थोडे अंतर समृद्धी महामार्गावरून आलो, तिथे कारच्या दीडपटीहून अधिक टोल कापला गेला. संभाजीनगरहून वेरुळाला जाताना दौलताबादच्या किल्ल्याची वेस ओलांडावी लागते आणि तिथल्या कमानीत समोरासमोर गाड्या अडकणे हे नित्याचेच आहे, म्हणून आम्ही कसाबखेड्यावरून वळसा घातला. नळदुर्गला किल्ल्याबाहेर ऐसपैस जागा मिळाली, आणि बोरी नदीवरच्या पाणीमहालाच्या पायऱ्या चढून-उतरून आल्यावर स्वतःच्या पलंगावर पाय पसरण्याचे सुख कारमध्ये मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते, त्यामुळे तिथे मोटारहोम आणि दुचाकी सारख्याच. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते. ज्या गाडीचे भाडे दिवसाला मोजायचे आहे तिच्यासाठी हे दोन वार आधीच पाहून ठेवलेले बरे. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या भोवतालच्या गल्ल्यांत ही गाडी नेण्याचा विचारही न करता आम्ही ती शहराबाहेर लावली आणि रिक्षाने दर्शनाला गेलो.

रात्री गाडी चालवू नये, हे मी आग्रहाने सांगते. हिवाळा म्हणजे उसाच्या गाळपाचा हंगाम. माजलगाव, पाथरी, अंबाजोगाई या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जात असतात, त्यांच्या मागे बहुधा दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर तो वाढ्यांआड झाकलेला असतो, आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस अंधारात काचेसमोर येईपर्यंत दिसत नाही. सहाच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा साडेपाचला मुक्कामाची जागा ठरलेली असावी. ओळखीचे शेत, मंदिराचे भक्तनिवास किंवा कुटुंबाचा वावर असलेला ढाबा, एवढ्याच तीन प्रकारच्या जागा आम्ही निवडल्या आणि कुठेही वाईट अनुभव आला नाही. उलट ढाब्यावर गाडी लावू देण्याबद्दल पैसे देऊ केले की मालक म्हणत, “राहू द्या काका, जेवण इथंच करा म्हणजे झालं.”

पैठणचा मुक्काम या गाडीच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष देतो. नाथसागराच्या काठी एका ओळखीच्या शेतात गाडी होती. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या या जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून येणारे पट्टकादंब व चक्रवाक उथळ पाण्याच्या कडेला उतरतात. ते पाहायचे तर उजाडण्यापूर्वी तिथे हजर असावे लागते. गावात खोली घेऊन राहिलेल्या माणसाला त्यासाठी चारला उठून निघावे लागेल. आम्ही गोधडीतून बाहेर न येता खिडकीचा पडदा सरकवला. कादंबांचा थवा पाण्यावरून उठला तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते, आणि शेगडीवर चहा होत होता.

त्याच मुक्कामात रात्री साडेदहाला पाण्याचा पंप बंद पडला. संस्थेच्या मदत-क्रमांकावर पहिल्याच घंटीला माणसाने उत्तर दिले, व्हिडिओ कॉलवर बैठकीखालची फ्यूजपेटी दाखवायला सांगितली, जळालेला फ्यूज ओळखला आणि कप्प्यात ठेवलेला नवा बसवून घेतला. या बाबतीत संस्थेची सेवा पैकीच्या पैकी गुणांची आहे आणि त्या तरुणाच्या आवाजात झोपमोडीचा त्रागा नव्हता, हेही नमूद करते.

गाडी परत करताना मात्र सूर बदलला. गावरस्त्यांवर दोन्ही बाजूंनी बाभळी आत आलेल्या असतात आणि एवढ्या रुंद गाडीच्या अंगावर त्यांच्या काट्यांचे बारीक ओरखडे उठणे टळत नाही. करारात “बाह्य नुकसान” एवढाच शब्दप्रयोग होता. त्याच्या आधारे अनामतीतून सहा हजार रुपये कापले गेले. त्यांतले बरेच ओरखडे जुने असल्याचे आमच्याकडच्या व्हिडिओत दिसत होते, तो पाठवल्यावर आणि आठवडाभर फोनाफोनी केल्यावर चार हजार परत आले. करार करताना बाभळीच्या ओरखड्यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करून घ्यावा आणि ताबा घेताना चारही बाजूंचा व छताचा व्हिडिओ दिवसाउजेडी काढावा.

खर्चाचा हिशेब मांडला तर भाडे, डिझेल आणि टोल धरून हा प्रवास स्वतःच्या कारने जाऊन मध्यम हॉटेलांत राहण्याच्या जवळजवळ दुप्पट पडला. लेकरेबाळे घेऊन तुळजापूर, औंढा, परळी अशी देवदर्शने उरकायची असतील तर ही गाडी घेऊ नये, कारण पलंग दोघांचाच आहे आणि शहरांतल्या मंदिरांजवळ ती उभी करायला जागा नाही. ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, ज्यांना गावोगावी नातीगोती आहेत आणि ज्यांच्या घरी गोधड्या आहेत अशा जोडप्याने ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात अवश्य घ्यावी, आणि नोंदणी करताना दुसरी पेटी लेखी मागून घ्यावी.